होडीत राहायला गेलेली लेक

बाबा,

मी घाबरले आहे. तुम्ही असताना हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नाही, शाळेत इतकी वर्षं शिकवताना तर नाहीच, म्हणून आधी तेच लिहून टाकते. तुमची नात आणि तिचा नवरा म्हापशातली भाड्याची जागा सोडून एका जुन्या शिडाच्या होडीत राहायला गेली आहेत. पूर्वी चोपड्याला नदी ओलांडायची फेरीबोट लागायची, तिथून थोडं वर ती होडी नांगरलेली आहे. पाऊस सरला, समुद्र निवळला, आता कोचीपर्यंत जायचं म्हणतात. दोघंच. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती.

अशी एक होडी तुम्ही दुरुस्त केली होती. गोवा राज्य झालं त्या वर्षी एक गोरा म्हातारा आपली होडी घेऊन खाडीत आला आणि तळाच्या फळ्या बदलायला त्याने तुम्हाला बोलावलं. मी नुकतीच कॉलेज संपवून शाळेत लागले होते. सुट्टीच्या दिवशी तुमचा डबा घेऊन आले, तर तुम्ही मला आत उतरवलंत. बाकाखाली तांदूळ, पायरीखाली अवजारं, टेबल मिटलं की भिंत. स्टोव्ह दोन्ही बाजूंनी असा टांगलेला की होडी कलली तरी चहा सांडू नये. तुम्ही तो बोटाने हलवता, थांबवता, पुन्हा हलवता. "घर बांदचां तर असां," म्हणता. "बोटभर जागा फुकट गेली नाय." बाहेर धक्क्यावर मराठी की कोकणी यावरून माणसं हमरीतुमरीवर आली होती. तुम्ही कोणाच्या बाजूचे, असं कोणीतरी ओरडून विचारलं. "होडयेत पाणी येता तें खंयचे भाशेंत येता, तें पयलीं सांग," म्हणालात आणि कामाला लागलात.

त्याच दिवशी फळी ठोकून बघायला शिकवलंत. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. मी दोनचार टोले मारून एका फळीला बोट लावलं, "ही गेली." तुम्ही हातोडी काढून घेतलीत. "लाकडाक विचार गो, मनाक विचारूं नाका. तुज्या सांगण्यार माणसां दर्यार वतलीं." माझ्या शब्दावर माणसं समुद्रात जाणार, हे चार माणसांत सुनावलंत, मला राग आला होता.

काल ओहोटीला लेकीची होडी चिखलावर टेकली. ती म्हणाली, "आई, आजोबांसारखं ठोकून दे ना. तू बरी म्हणालीस की आम्ही निघतो." जावई म्हणाला, "बाई, काठावर तरी पास करा." मी पदर खोचून बसले. एकेक फळी ठोकत गेले. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सगळी होडी खणखणत होती. शेवटची फळी ठोकली, तीही खणखणली, आणि डोळ्यांपुढे नदीचं तोंड आलं, तिथे वाळूवर फुटणाऱ्या लाटा, आणि त्यांतून बाहेर पडणारं हे एवढंसं लाकूड. मी म्हणाले, "ही कुजली आहे."

"नक्की?" तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा मला कळतं." वर्गात बोलायचे त्याच आवाजात.

तिने खडूने खूण केली. उद्या सकाळी सुतार येऊन ती फळी कापणार आहे. तसं मुरलेलं सागवान त्याच्याकडे नाही, जे मिळेल ते बसवणार. म्हणजे आज एकही कमकुवत जागा नसलेल्या होडीत मी उद्या एक करून ठेवणार, आणि माझी लेक तीच घेऊन समुद्रात जाणार. जाणार तर ती आहेच. दुपारभर हेच डोक्यात घोळतं आहे.

आता निघते आणि तिला खरं सांगते. चिडेल, चिडू दे. हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे? वहीतच राहतील.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगणार नाही. काल ठोकायला बसण्याआधी ती म्हणाली होती, "कारवारपर्यंत तू पण चल, एक बाक रिकामा आहे." मी म्हणाले, वेड लागलंय का. मग ती चहा करायला वळली, तेव्हा मी त्या बाकावर आडवी होऊन बघितलं. मी त्यात नीट मावते, बाबा.