बंद इंजिनाचा बेचाळीस दाब

नांदेड, सोमवार

ती. अर्जुनमामांना वर्षाराणीचा सविनय जयभीम.

तुम्ही, मामी, उज्वला बरे असाल. आम्ही तिघंही बरे आहोत. फोनवर तुम्ही मध्येच "बरं बरं" म्हणता आणि माझा क्रम चुकतो, म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या लातूर एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. आधी घडलं ते:

१. आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तुम्ही बाबांना दिलेल्या गाडीत धुराच्या फिल्टरचा दिवा लागला.
२. मी स्कॅनर लावला. पडद्यावर आलं, फिल्टर चोंदला आहे. एकूण वेळ चार मिनिटं.
३. मी तुम्हाला फोनवर सांगितलं की, गाडी सारखी थांबवत चालवली की असं होतं. स्पीकर चालू होता.
४. तुम्ही म्हणालात, "दाजी, गाडी दिली होती, बैलगाडी न्हाई."
५. बाबा म्हणाले, "उज्वलाच्या साखरपुड्याला येईन. एसटीनं येईन. जेवणार न्हाई."
६. फिल्टर चोंदलेला नव्हता.

सहावा मुद्दा मला बुधवारी कळला. डिझेलच्या धुरातली काजळी हवेत जाऊ नये म्हणून हा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडीच धूर जास्त तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगानं पळावं लागतं. फिल्टर किती भरला हे तो स्वतः सांगत नाही. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब एक लहानसा सेन्सर मोजतो आणि फरक कळवतो (घरातलं भांडण शेजाऱ्याकडून समजावं तसं). मी शेजाऱ्यावर विश्वास ठेवला. बुधवारी नवा फिल्टर मागवण्याआधी नुसती किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून आकडा पाहिला. इंजिन बंद म्हणजे धूर नाही, आणि धूर नाही म्हणजे फरक शून्य. आकडा बेचाळीस होता. सेन्सरच्या दोन्ही रबरी नळ्या काढून त्याला उघड्या हवेत टांगलं, तरी बेचाळीस. थंड, उभ्या, बंद गाडीत तो बेचाळीस मिलिबार दाब सांगत होता, आणि त्याच्या शब्दावर मी स्वतःच्या वडिलांना त्यांच्या सासरच्या माणसांसमोर दोषी ठरवलं होतं. ही तपासणी सगळ्यात आधी करायची असते. वर्कशॉपमधल्या नव्या मुलांना हे मीच शिकवते (ते त्यांना न कळलं तर बरं).

शनिवारी नवा सेन्सर बसवला. आकडा शून्य आला. आत साठलेली थोडी काजळी जाळायला गाडी सलग पळवायची होती, म्हणून काल बाबांना शेजारी बसवून निघाले. तोंडानं माफी मागण्यापेक्षा आकडा दाखवणं मला सोपं जातं. रस्ता नायगावचा निवडला, कारण तो सरळ आहे. ही माझी दुसरी चूक. बाबा नायगावच्या शाळेत बावीस वर्षं होते, आणि त्या रस्त्यावरच्या दर दुसऱ्या माणसाकडून त्यांनी पाढे पाठ करून घेतलेले आहेत.

काजळी जळायला लागून सहा मिनिटं झाली होती. "अगं थांब थांब, मल्लेश हाय!" (मल्लेश चौथीत बाबांच्या हाताखाली होता. आता त्याला नातू आहे.) आवाज असा होता की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. थांबलो. मल्लेशच्या नातवाचं नाव, शाळा, पाठ नसलेले पाढे एवढं झालं. जाळणं अर्धवट राहिलं.

परतीच्या वाटेवर मी बाबांना बजावलं की आता कोणीही दिसलं तरी थांबायचं नाही, आत जळतंय.

"काय जळायलंय? पेटली का गाडी?"

"काजळी, बाबा."

ते मान खाली घालून बसले. पुन्हा मल्लेशच्या दारावरून गेलो, हातसुद्धा केला नाही. चार मिनिटांत मागून हॉर्न. मल्लेश मोटारसायकलवर, त्याच्या मागे आणखी दोन मोटारसायकली. तिघांनी आडव्या घालून गाडी थांबवली. साहेबराव गुरुजी न थांबता गेले, मान खाली, गाडीतून जळका वास. यातून तिघांनी काढायचा तो अर्थ काढला होता. "ताई, कोणत्या दवाखान्यात न्यायलीस गुरुजींना? चल, आम्ही म्होरं होतो!" बाबा खाली उतरून चालून दाखवेपर्यंत त्यांची खात्री पटेना. घरी आलो तर आईला नायगावहून पाच फोन येऊन गेले होते.

दुपारी हिमायतनगरच्या रस्त्याला गेलो. तिकडे बाबांची कधी बदली झाली नाही. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "या रस्त्याला माणसंच न्हाईत का गं?" माणसं होती. तेविसाव्या मिनिटाला काजळी जळून संपली, दिवा गेला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि पडद्यावरचं शून्य दाखवलं.

"म्हणजे मी न्हाई?"

"नाही बाबा. सेन्सर. आणि मी."

भोकरला चहा घेताना त्यांनी हॉटेलवाल्याला, ज्याच्याकडे गाडी नाही, अख्खी केस पहिल्यापासून समजावून सांगितली. बेचाळीसचा आकडा दोनदा सांगितला. आठ दिवसांनी ते एवढं बोलले. मी चहा दोन कप घेतला, एरवी घेत नाही.

मामींना जयभीम. उज्वलाला सांगा, तिचं ब्लाऊज शिवून झालं आहे, मी आणते.

आपली,
वर्षाराणी

ता. क. १ : सगळं खरं लिहायचं तर, नवा सेन्सर बसवल्यावरही फिल्टर एकतीस टक्के भरलेला होता. ती काजळी बाबांच्या थांबण्याचीच. म्हणजे तुमचं म्हणणं एकतीस टक्के बरोबर होतं. हे फक्त तुम्हाला कळवते आहे. बाबांना सांगू नका.

ता. क. २ : काल रात्री मी त्यांना विचारलं, आता तरी जेवणार ना? ते म्हणाले, "आकडा तू दाखवलास, बोलले ते बोललेच की." माझी चूक मी कबूल केली आहे, तुमचं वाक्य मला परत घेता येत नाही. तुम्ही त्यांना स्वतः फोन करा. माफी वगैरे नको, ते अवघडतील. पहिल्यासारखं दाजी म्हणा, चिडवा, आणि रविवारी साखरपुड्याला जेवायला गाडी घेऊन या म्हणा. फोन केलात की नाही, ते मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.