ट्रकवरच्या कुरडया

नोव्हाय, मिशिगन
मंगळवार

तीर्थस्वरूप आईंना,

मिशिगनच्या जावयाचा, म्हणजे एकनाथचा, वाकून नमस्कार. (एरवी फोनवर मला नीट वाकता येत नाही, कारण नीला फोन स्पीकरवर टाकून माझ्या हनुवटीखाली धरते.) डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालताय ना? शेजारच्या काकूंचा आणि तुमचा अबोला मिटला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. अनया कॉलेजातून सुट्टीला आली आहे आणि दुपारी बारापर्यंत झोपते. नीलाही खुशाल आहे, आणि तीच या पत्राची अडचण आहे.

पत्रास कारण की, येत्या शनिवारी माझा ट्रक विकला जाणार आहे. ओहायोहून एक गृहस्थ येऊन तो घेऊन जातील. जाहिरात फेब्रुवारीत नीलानं दिली, फोनवर बोलणी नीलानं केली, मी फक्त किल्ली हातात ठेवायची आणि हसायचं. आई, मला हसता येणार नाही हो.

ट्रक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे उसाचा ट्रक आला असेल. तसा नाही. हा एक्कावन्न सालचा, मागे फळ्यांचं नुसतं सपाट बाक, कडेला कठडासुद्धा नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात गवताखाली उभा होता. मी वीस वर्षं ब्रेकच्या कंपनीत नोकरी करतो, पण खरा ब्रेक हातात धरलेला नव्हता, माझे सगळे ब्रेक कॉम्प्युटरच्या पडद्यावर लागतात. तो ट्रक पाहिला आणि वाटलं, जन्मात एकदा तरी हात काळे करावेत. मग तीन हिवाळे गॅरेजात घातले. तोंडवळा तसाच ठेवला, गोल दिवे, फुगीर गाल, जुना हिरवा रंग. आतलं मात्र सगळं नवं: इंजिन नवं, गिअर आपोआप बदलणारे, चारही चाकांना डिस्क ब्रेक, स्टिअरिंग एका बोटानं फिरेल असं, आणि मागचं दाखवणारा कॅमेरा. आजोबांच्या अंगात सदरा तोच, हृदय फक्त विशीतलं, असं समजा. (हा कॅमेरा लक्षात असू द्या, पुढे त्यानं माझी अब्रू घालवली आहे.)

आता एवढं नवं इंजिन घातल्यावर तो पळवायचा, असं कोणालाही वाटेल. मी ताशी तीस मैलांच्या वर नेत नाही. इकडे गावाबाहेर पडलं की मक्याची शेतं लागतात, मग एखादं तळं, मग पुन्हा मका, आणि रस्ता इतका सरळ की डोळे उघडे ठेवून झोप लागावी. खिडकीत कोपर टाकून मी चाललेला असतो. तो जुना ट्रक पूर्वी कसा खडखडत असेल, त्यात कोण बसलं असेल, त्या शेतकऱ्याची सफरचंदं त्यातून कुठल्या बाजारात जात असतील, असले विचार येतात. एकदा सांगलीच्या पुलावरून पलीकडे जातोय असं वाटत होतं, तोवर मागच्यानं हॉर्न वाजवला. नीला म्हणते, मला ट्रक नको होता, बसून स्वप्नं बघायला बाक हवं होतं, आणि ते फर्निचरच्या दुकानात मिळतं.

तिची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल जावई आपलंच घोडं पुढे दामटतोय. गॅरेजात गाडी एकच मावते. तिथे ट्रक, त्यामुळे नीलाची गाडी हिवाळाभर बाहेर बर्फात. तुमची लेक रोज सकाळी हॉस्पिटलच्या ड्युटीला निघताना काचेवरचा बर्फ खरवडायची आणि मी आतून चहाचा कप घेऊन बघायचो. एकदा म्हटलं, मी खरवडतो. तर म्हणाली, तुम्ही तुमच्या म्हाताऱ्याला पांघरूण घाला. फेब्रुवारीत जाहिरात आली ती अशी.

मग मे संपला, उन्हं कडक झाली आणि नीलानं कुरडयांचं मनावर घेतलं. गहू भिजले, वाटले, चीक निघाला, घरभर तो आंबूस वास. पण घालायच्या कुठे? इथल्या घरांना गच्ची नसते, छपरं उतरती. मागच्या अंगणात मेपलची सावली, पुढच्या हिरवळीवर काही वाळत घातलं की कॉलनीची कमिटी दारात. रविवारी सकाळी मी ट्रक धुवायला बाहेर काढला होता. नीला सोऱ्या हातात घेऊन दारात आली, ट्रककडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला, जसा माझ्याकडे पाहून बऱ्याच वर्षांत उजळलेला नाही.

मी आत जाऊन अंघोळ उरकली, कारण त्या दिवशी शेजारच्या गावात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तेवढ्यात तिनं फळ्यांवर प्लास्टिक ताणून चारी कोपरे बांधले, कुरडया घातल्या, पाखरांसाठी वर पातळ पांढरी साडी टाकली आणि आत गेली. मी पुढच्या दारानं आलो, बसलो आणि निघालो. कॅमेऱ्यात सगळं पांढरं दिसत होतं, नाही असं नाही. पण आई, मिशिगनमध्ये मागे पांढरं दिसलं की माणूस बर्फ समजतो, जूनमध्येसुद्धा.

रस्त्यात लोक हात काय हलवत होते, हॉर्न काय वाजवत होते! मला वाटलं, ट्रकचं कौतुक. मीही हात हलवत होतो. साडीचा पदर सुटून मागे लांबवर फडकत होता, हे मला मैदानावर उतरल्यावर कळलं. मी ऐटीत बॉनेट उघडलं. एक माणूस इंजिनाकडे फिरकला नाही, सगळे मागे कुरडयांभोवती. ही कसली घरटी, खातात का, कच्ची खाल्ली तर चालतात का? आणि तेवढ्यात नीलाचा फोन. मी माफीची तयारी केली होती. ती म्हणाली, “आहात तिथेच थांबा. ट्रकचं तोंड उत्तरेला करा, सावली पडायला नको. आणि बारानंतर हलक्या हातानं उलटा.”

तर तुमचा इंजिनिअर जावई त्या मैदानात दिवसभर कुरडया उलटत उभा होता. बक्षीस दुसऱ्याच ट्रकला मिळालं. परीक्षक बाई माझ्याकडून चार कुरडया मात्र घेऊन गेल्या.

संध्याकाळी घरी आलो. नीलानं कुरडया डब्यात भरल्या, एक तळली आणि तोंडात टाकली. मग सतरंजी आणून रिकाम्या फळ्यांवर पसरली आणि आडवी झाली. मीही शेजारी जाऊन पडलो. इथे जूनमध्ये उजेड जाता जात नाही. मेपलच्या वर आभाळ निळं-जांभळं होत होतं, फळ्या उन्हानं अजून कोमट होत्या, आणि ट्रक जागेवर उभा असून चालल्यासारखा वाटत होता. अनयानं डोकावून “बाबा, इट्स लिटरली अ पोर्च ऑन व्हील्स,” म्हणजे चाकांवरची ओसरी, असं म्हणून फोटो काढला. शनिवारचं विचारावं असं दहादा मनात आलं. पण विचारलं असतं तर ती उठून गेली असती, आणि मला ती तिथे हवी होती. म्हणून राहिलं.

असो. फार लांबलं. तब्येतीला जपा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि शेजारच्या काकूंना तुम्ही ठरवाल ते.

तुमचा,
एकनाथ

ता.क. माझ्या कंपनीतला परीक्षित, तुमच्या सांगलीचाच, आज रात्री निघतोय, गुरुवारी तिथे पोचेल. त्याच्याबरोबर कुरडयांची पिशवी देतोय, त्यातच हे पत्र. शुक्रवारी कसंही करून नीलाला फोन करा आणि सांगा, घरातली जुनी वस्तू विकू नये. माझं नाव घेऊ नका. तुमच्या स्वप्नात आलं म्हणा.

ता.क. २. पिशवी नीलाच भरणार आहे, पण काळजी नसावी. माझं अक्षर तिला लग्नापासून लागत नाही.

आई, मी नीला. अक्षर सगळं लागतं, पण लागत नाही म्हटलं की बँकेची कामं हे स्वतः करतात. ओहायोवाल्यांना मी रविवारीच नको म्हणून कळवलं. यांना शनिवारपर्यंत सांगू नकोस. कालपासून भांडी घासताहेत, आणि माझ्या गाडीसाठी बाहेर शेड घालायला मापं घेताहेत, ते होऊ दे. फोन कर, पण स्वप्न वगैरे काही नको. तू गच्चीचे जिने चढणं सोडलंस तेव्हापासून आपल्याकडच्या कुरडया बंद झाल्या, म्हणून लिहिते. या ट्रकच्या फळ्या बरोबर तुझ्या कमरेपर्यंत येतात. खुर्ची टाकून बसलीस तरी हात पोचेल. पुढच्या मेमध्ये ये. चीक मी शिजवीन.