फक्त एक आवर्तन

मंगळवार, ९ एप्रिल

प्रिय ताई,

तीर्थस्वरूप वगैरे लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसतंच ताई. सासूबाईंनी अजून अंथरूण सोडलेलं नाही, हे काल फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. त्यांना तशा टाकून येणं तुला शक्य नाही, ते मला समजतं. भावोजींना सांग, रजेसाठी साहेबांच्या हातापाया पडू नका. इथली धावपळ करायला मी आहे.

भिंगरी बरी आहे. उजव्या टाचेमागची जाड शीर तुटली होती, ती डॉक्टरांनी शिवली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. आज सकाळी तिने अर्धा कप चहा घेतला आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींची नक्कल करून नर्सला हसवलं. म्हणजे तुझी लेक जागेवर आहे.

तू फोनवर तीनतीनदा विचारलंस, झालं कसं. तिथे कॉरिडॉरमध्ये माणसं होती, म्हणून लिहून कळवतो. आमचे कार्यक्रम कसे असतात, तुला माहीतच आहे. आधी काही बसवलेलं नसतं. व्हायोलिनच्या बाई एखादा सूर धरतात, मी डफावर ठेका शोधतो, भिंगरी त्यावर पाऊल टाकते. मग कधी ती आम्हाला ओढून नेते, कधी आम्ही तिला. त्या दिवशी पाऊण तास छान चाललं होतं. शेवटी लय चढली, तिने उडी घेतली आणि खाली येताना पाय घसरला. लाकडी फरशीला पॉलिश केलेलं होतं. मी तसं सांगितल्यावर हॉलच्या व्यवस्थापकांनी साफसफाईच्या मावशींना चांगलंच झापलं. पण अशा गोष्टीत कुणाला काय बोलणार!

वय लहान आहे, भरून येईल, असं डॉक्टर म्हणतात. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मी सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ असतो.

तुझा भाऊ


शुक्रवार, २८ जून

ताई,

तुझी दोन पत्रं आली. दोन्हींना उत्तर दिलं नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी गुळमुळीत बोलायला लागतो, ते तुलाही कळत असणार.

आधी डॉक्टरांचं सांगतो. जखम चिघळली होती हे तुला ठाऊक आहे. शीर जुळली, पण आखूड झाली. काल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ती चालेल, जिना उतरताना कठडा धरावा लागेल, नाचायचं मात्र नाव काढू नका, असं ते तिच्या तोंडावर म्हणाले. तिने विचारलं, "अजिबातच नाही?" ते म्हणाले, "कुणाच्या लग्नात दोन पावलं टाक की!" ती "थँक्यू डॉक्टर" म्हणाली आणि चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली. तो पट्टा तिला बराच वेळ लागेना.

आता फरशीचं. पॉलिश केलं होतं खरं, पण ते आठवडाभर आधी. तिचा पाय घसरला नव्हता. मावशींचं काम मात्र माझ्या बोलण्यावरून गेलं. मागच्या महिन्यात मी व्यवस्थापकांना जाऊन खरं सांगितलं. "आता तिथे दुसरी बाई आहे, सोडून द्या," म्हणाले. मावशी कुठे राहतात, हेही त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना भिंगरी मला म्हणाली होती, "मामा, टाच ठणकतेय. आज जरा सांभाळून घे." मी म्हटलं, "म्हातारी झालीस की काय!" दोघंही हसलो.

आमच्यात एक खूण आहे. आधी ठरलेलं असं तेवढं एकच. नाचणाऱ्याला दम खायचा असेल, पायाला जपायचं असेल, तर त्याने डावा तळहात कमरेवर ठेवायचा. बघणाऱ्याला तो नाचच वाटतो. वाजवणाऱ्याने ते पाहून लय खाली आणायची.

पाऊण तासानंतर तिने तळहात कमरेवर ठेवला. मला दिसला. बाईंना पण दिसला, त्यांनी लगेच गज हलका केला. मी हात हलका केला नाही.

का, ते लिहायला मला अडीच महिने लागले. लोक खुर्च्यांवर पुढे सरकून बसले होते आणि ताई, ते माझ्याकडे बघत होते. सगळं आयुष्य मी मागे बसून वाजवलं. गेल्या वर्षी पेपरात भिंगरीवर अर्धं पान आलं, त्यात माझ्या वाट्याला आलं ते 'डफाची साथ होती' एवढं. ते कात्रण मीच तुला पाठवलं, अभिमानाने. अभिमान होताच. पण ते वाक्य आत कुठेतरी कुसळासारखं राहिलं. जिला मी बोटाला धरून ठेका शिकवला, तिची मी साथ! त्या दिवशी वाटलं, आज हिने माझ्या मागे यावं. एक आवर्तन. फक्त एक.

तिने पुन्हा हात ठेवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी लय वाढवली.

ती थांबू शकली असती, असं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. पण तिला शिकवलं कुणी? समोरचा ऐकत नसेल तर त्याला काहीतरी सापडलंय असं समज आणि जा त्याच्याबरोबर, हे माझेच शब्द. ती आली. कमरेवरचा हात काढला, माझ्याकडे बघून हसली आणि उडी घेतली. शीर तुटल्याचा आवाज मला डफाच्या आवाजातही ऐकू आला.

ऑपरेशन चालू असताना बाई माझ्याशेजारच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिने दोनदा हात ठेवला होता. तुम्ही पाहिलंत."

"घाईत लक्षात नाही आलं," मी म्हटलं.

त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याबरोबर वाजवलेलं नाही.

आणि भिंगरी. शुद्धीवर आल्यावर, मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "मामा, तुला दिसलं नसणार. दिवा डोळ्यांवर होता ना तुझ्या." दिवा माझ्या पाठीमागे होता. तिला ते पक्कं माहीत होतं, दुपारी आम्ही दोघांनीच ते दिवे लावले होते. मी म्हटलं, "हो गं, काहीच दिसत नव्हतं." तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून ती माझ्याशी फार चांगलं वागते. पाहुण्याशी वागावं तसं. औषध आणलंस का, जेवलास का, थँक्यू मामा.

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. घरात एकटा असताना मी ते लावलं. उडीच्या आधीची दोन मिनिटं मी आयुष्यात सगळ्यात चांगली वाजवली आहेत. हे मला आजही वाटतं. ऐकताना मी रडलो, पण त्याच्या आधी माझी मान डोलली होती. तुला जे सांगायची लाज वाटत होती, ते हे.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका नाचणाऱ्याबरोबर कार्यक्रम आहे. मी हो म्हटलं आहे. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो आलं.

येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने ती तुझ्याकडे येतेय, कायमची. नाचाचे कपडे तिने क्लासमधल्या मुलींना वाटून टाकले. मी सोडायला येऊ का, विचारलं. "नको मामा, तुझा रियाज बुडेल," म्हणाली. तो टोमणा होता की काळजी, मला कळलं नाही. पूर्वी ती पुढचं पाऊल कुठे टाकणार, ते मला तिच्या पाठीवरून कळायचं.

तू विचारशील तेव्हा ती फरशीचंच सांगेल, इथे सगळ्यांना सांगते तसं. तिला खोटं पाडू नकोस. मला माफ कर, असं मी लिहीत नाही. तू केलंस तरी तिला त्याचा काय उपयोग! गाडीतून उतरताना ती उजव्या पायावर भार देत नाही. त्या बाजूने हात दे. ती मागणार नाही.

खाली 'तुझा' लिहिलं आहे. खोडावंसं वाटलं तर खोड.

तुझा
भाऊ