वीसपैकी दोन

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

आले एकदाची मुर्ध्याला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं माझं: एक सॅक, एक पिशवी आणि आईने कोंबून दिलेला करंज्यांचा डबा. काल घरचे पाच दिवसांचे गणपती बोळवले, लांज्याहून गाडीत बसले आणि आज सकाळी भाईंदर पश्चिमेला उतरून बसने इथे. मीरा-भाईंदरला भातावरची कीड मोजायला चाललेय म्हटल्यावर गाडीतल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तिकडे भात फक्त हॉटेलात मिळतो म्हणे.

त्यांनी माझी खिडकी बघायला हवी होती. समोर चंद्रावतीकाकूंचं पंधरा गुंठे भात, हिरवंगार. त्यापलीकडे बंद पडलेली मिठागरं, मग तिवरं, मग खाडी. मागच्या बाजूला मात्र नव्या इमारती खांद्याला खांदा लावून पुढे सरकतायत. काकूंच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली आहे. खाली काकू, त्यांचा मुलगा जितेश आणि सून दुर्गा. जितेश भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जातो. दुर्गाला सहावा महिना आहे. माझ्याच वयाची, खट्याळ. माझ्या तीन करंज्या तिने जिन्यातच संपवल्या.

डास मात्र विचारू नका. संध्याकाळपर्यंत दोन्ही पायांवर मिळून एकतीस चावे मोजले. मोजायची सवयच आहे मला, म्हणून तर नोकरी मिळाली.

२ सप्टेंबर

कामाचा पहिला दिवस. काम सोपं आहे. शेतात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं चालायचं, वाटेत वीस चूड निवडायचे (चूड म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका), प्रत्येक चूड हलवून बुंध्याशी किती तुडतुडे आहेत ते मोजायचं, पानं बघायची, आकडे फोनमधून ऑफिसला पाठवायचे. तिथे आमचे पराग सर. किनाऱ्यावर रात्री आता पूर्वीसारख्या थंड होत नाहीत, पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळतो, त्यामुळे कोणती कीड आणि कोणता रोग कुठे सरकतोय हे त्यांना हवं आहे. दर चुडात सरासरी सहा तुडतुडे सापडले. फवारणी लागते दहाच्या पुढे, म्हणजे ठीकच.

भात पोटरीला आलंय. लोंबी अजून आत आहे आणि रोपाचं पोट फुगलंय. काकू दुर्गाकडे बघून म्हणाल्या की या घरात यंदा दोघींचं एकदमच भरलंय. दुर्गाने त्यांना ओल्या हाताने पाणी उडवलं. किती छान माणसं आहेत ही.

१५ सप्टेंबर

लोंब्या बाहेर पडल्या. पाऊस रोज, आणि हवा चुलीपुढे बसल्यासारखी.

आज सरासरी आली शून्य. वीस चुडांत एकही तुडतुडा नाही, कोळी नाही, चतुर नाही. चिकट पिवळे कागद लावले होते तेही कोरे. बांधापलीकडच्या गवतात मात्र नाकतोड्यांची जत्रा. काकूंना सांगितलं तर त्या सहज म्हणाल्या, आमचे शेतान कीड येत न्हाय, देवी राखते. कीड मोजणारीला कीडच मिळत नाही, म्हणजे नोकरी सुखाची. पण मला ते बरं वाटलं नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सकाळी काकूंनी शेतातून हाक मारली. लोंब्यांमध्ये काही दाण्यांच्या जागी बोराएवढे सोनेरी, मखमली गोळे आलेत. काकूंनी हळदकुंकू आणून वाहिलं. त्यांचा चेहरा फुलला होता. लक्षुमी आलीय गो पोरी, म्हणाल्या. ज्या वर्षी हे सोनं येतं त्या वर्षी भात उतू जातं, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्यात.

आमच्याकडेही असंच म्हणतात. पुस्तकात ह्याला आभासमय काजळी म्हणतात. ही बुरशी आहे. पोटरीत असतानाच ती आत शिरते, तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही. टरफल तसंच राहतं, आत दाण्याच्या जागी बुरशीच बसते. जी उबदार ओल भाताला मानवते ती हिलाही मानवते, म्हणून दोघं बरोबर येतात आणि लोकांना वाटतं एकामुळे दुसरं आलं. हे सगळं काकूंना समजावलं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि हसल्या.

बांधावर बसून एक गोष्ट पाहिली. एक तुडतुडा गवतातून उडून भाताच्या पानावर बसला, दोन पावलं चालला, थांबला आणि आल्या वाटेने परत गेला. भुकेला किडा भात सोडून जातो हे मी कधी वाचलेलं नाही.

२९ सप्टेंबर

वीसपैकी अठरा चुडांत गोळे. इतक्या वेगाने हे पसरत नाही, पसरूच नये.

सरांचा नियम स्पष्ट आहे. ह्या काजळीचं काहीतरी नवीन रूप किनाऱ्यावर फिरतंय असा त्यांना संशय आहे, म्हणून वीसपैकी पाचाच्या वर आकडा गेला की त्याच दिवशी कळवायचं. मग माणसं येऊन उभं पीक कापून जाळतात. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, शेत उभं हाय तवर ते शेत हाय. एकदा मोकळं दिसलं की दुसऱ्या दिवशी भरावाचे डंपर उभे राहतात, शेजारच्या दोन शेतांचं तेच झालं. हे पंधरा गुंठे त्यांनी दुर्गाच्या बाळासाठी धरून ठेवलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत मिटली.

लोंब्या पिकायला फार तर आठ दिवस. आठ दिवसांनी काय बिघडतंय.

मी फोनमध्ये लिहिलं: वीसपैकी दोन.

२ ऑक्टोबर, दसरा

आज नवं बांधलं. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू एकत्र करून दाराला बांधतात. काकूंनी मुद्दाम सोनेरी गोळ्यांच्या लोंब्या निवडल्या, आणि मी उंच म्हणून मीच स्टुलावर चढून बांधल्या. गोळ्यांची पावडर केसांत पडली, पिवळीधमक. दुर्गा म्हणाली, पी हळद आणि हो गोरी. तिच्या तोंडात तेव्हा कच्चे दाणे होते. तिला म्हणे डोहाळे लागलेत कच्च्या भाताचे. मी तिला थुंकायला लावलं. काकू रागावल्या, लक्षुमी थुंकायची नसते.

दुपारी काकूंनी उरलेल्या लोंब्यांच्या जुड्या केल्या. आता गावात फारशी शेतं नाहीत, म्हणून लोक त्यांच्याकडेच मागतात. मुर्धा, राई, मोरवा, डोंगरीला दिलेली बहीण, सगळीकडे गेल्या. एक जुडी मलाही दिली. आमच्या गावी वानरांपायी भात लावणंच सुटलंय, आईकडे दाराला बांधायला लोंबी नसते. चुलतभाऊ उत्तम इथेच नवघरला राहतो, तो उद्या पोरींना घेऊन गावी चाललाय. त्याच्याकडे पाठवली. आईला किती बरं वाटेल.

७ ऑक्टोबर

काल पौर्णिमेला चार लोंब्या आधीच खुडून नव्या तांदळाची खीर झाली. काकूंनी केशर घातलं नव्हतं तरी पिवळी झाली. मी नको म्हणणार होते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन वाट्या खाल्ल्या. गोड होती, मागून मातीसारखी चव.

कापणीला आणखी चार दिवस लागतील म्हणतात. सरांना पुन्हा दोन कळवले.

डास गेले. गेले चार दिवस घरात एकही नाही. दारं सताड उघडी टाकून बसतो. काकू म्हणतात, देवीची कृपा.

९ ऑक्टोबर

खिरीचं पातेलं पौर्णिमेपासून मोरीत तसंच पडलंय. गूळ, दूध, सगळं कडेला चिकटलेलं. त्यावर एक मुंगी नाही. माशी नाही.

मुंग्यांची रांग बाहेर ओट्यापर्यंत येते. उंबऱ्याशी येऊन वळते. मी तासभर बसून बघितलं. तो तुडतुडा असाच वळला होता.

भाताला किड्यांनी ओळखलं होतं. मग आता ह्या घरात काय ओळखलं?

मला भीती वाटतेय. लिहून टाकते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटणार नाही.

१० ऑक्टोबर

दुर्गाच्या नखांखाली पिवळं आहे. तिला वाटलं हळद. आम्ही दोघींनी साबणाने घासलं. जात नाही. ते नखाच्या आत आहे.

बाळ दोन दिवस हललेलं नाही, हे तिने हसत सांगितलं. झोपाळू आहे, बापावर गेलंय. मी पोटावर हात ठेवला. पोट गच्च होतं, जड. काकू म्हणाल्या, बघ कसं भरलंय.

मी बाहेर येऊन सरांना फोन केला. खरा आकडा सांगितला. वीसपैकी वीस. दोन हे मी खोटं लिहिलं होतं तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या शेतातलं कोणी काही खाल्लंय का.

मी फोन ठेवला.

११ ऑक्टोबर

जितेशला सगळं सांगितलं. त्याने कारखान्याला दांडी मारली, रिक्षा आणली, दुर्गाला हॉस्पिटलात नेलं. जाताना ती मला म्हणाली, येताना वडापाव आणू का.

काकू माझ्याशी बोलत नाहीत.

१२ ऑक्टोबर

जितेश एकटा आला. ओट्यावर बसला. एवढंच म्हणाला, की डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नळाखाली तीनदा हात धुतले. रक्त नव्हतं म्हणाला. पाणीही नव्हतं. कोरडं होतं सगळं. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर पिवळं होतं.

बाहेरून सगळं तसंच होतं म्हणाला. इवलाले हात, पाय. पण आत –

दुर्गा जिवंत आहे. पण ती आता काही मागत नाही आणि दिवसभर छताकडे बघते.

मी दोन लिहिलं होतं. मीच लिहिलं. आठ दिवसांनी काय बिघडतंय.

१३ ऑक्टोबर

सरांची माणसं आली. तोंडाला फडकी, हातमोजे. भात कापलं, पेटवलं. धूर पिवळा, जमिनीलगत पसरला, वर गेलाच नाही. काकू बांधावर उभ्या होत्या. रडल्या नाहीत. संध्याकाळच्या आत रस्त्यावर पहिला डंपर येऊन थांबला.

मी दारावरचं नवं काढायला गेले. लोंब्या रिकाम्या होत्या. गोळे फुटून गेले होते. उंबरा, भिंत, चपला, सगळीकडे ती बारीक पूड.

मग गावात फिरले. लोंब्या बांधलेली दारं मोजली. मुर्ध्यात तेवीस. राईत अकरा, मग मोजणं सोडलं. एका घरापुढे एक म्हातारे बसले होते, मला म्हणाले, यंदा डास न्हाय बघ, खाडीला राहून एक डास न्हाय.

१४ ऑक्टोबर

सकाळी आईला फोन लावला. म्हटलं, ती लोंबी काढ, हात लावू नको, फडक्याने काढून पुरून टाक. ती म्हणाली, अगं बाई, आता कुठली लोंबी. त्यातले दाणे काढून पौर्णिमेला नव्याच्या खिरीत घातले. सगळ्यांना पुरले, उत्तमच्या पोरींनासुद्धा. खीर काय सुंदर पिवळी झाली होती.



आणि मिनल, आई म्हणाली, तुझ्या त्या लोंबीचा गुण बघ. साखरेच्या डब्याला गेले चार दिवस एक मुंगी नाही.

दुपार

ओट्यावर बसलेय. मनगटावर गूळ लावलाय. मुंग्यांची रांग समोरच आहे. हात जमिनीला टेकवून ठेवलाय.

पहिली आली. थांबली. वळली.

दुसरी वळली.

वीस मोजायच्या. नियम आहे. वीस झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, आणि ह्या वेळी खराच लिहायचा –

नऊ. दहा. नखाखाली पिवळं, गूळ नाही हा, मघाशी वाटलं गूळ –

सतरा

अठरा. वळली.

एकोणीस –

एक येतेय, पिवळी. सरळ येतेय. ही थांबली नाही, मनगटापर्यंत आली, देवा, ही चढ