शामकलेचा आठवडा

॥ श्री ॥

दरेकसा,
ता. ३० नोव्हेंबर १९४२

तीर्थस्वरूप देवकाताईस,

शामकलाचा सा. न. वि. वि. मंदाचं लग्न वैशाखात ठरल्याचं तुझं पत्र वाचलं आणि मी चुलीपुढे तशीच बसून राहिले. वरण उतू गेलं, सासूबाईंनी हाक मारली तीही ऐकू आली नाही. माझ्या लग्नाआधी तुझ्या त्या रडक्या लेकीला कडेवर घेऊन मी सगळा दवनीवाडा पालथा घातला होता. तिला हळद लागताना मी तिथे नसेन, तर मावशी म्हणवून घ्यायला मला तोंड राहणार नाही.

आईबाबांमागे तुझंच घर माझं माहेर, आणि लग्नाच्या चार वर्षांत या घरानं मला एकदाही तिथे पाठवलेलं नाही, हे तुला मी काय सांगावं! कधी धानाची रोवणी, कधी कापणी, कधी सासूबाईंचा दमा. या वेळी मात्र मी पदर खोचून विचारलंच. सासूबाई म्हणाल्या की जा, पण रित्या हातानं गेलीस तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील, आणि आहेराला द्यायला माझ्या घरात काही पडून नाही राहिलं. यांचं तर विचारूच नकोस. दिवसभर डेपोत सागवानाचे ओंडके मोजतात, मजुरांवर ओरडतात, आणि आईपुढे आले की जीभ टाळ्याला चिकटते.

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. आमच्या घरची रीत अशी की बाजाराच्या दिवशी सासूबाई आठवड्याचे तांदूळ मापून देतात आणि त्यातून सून जे वाचवेल ते सुनेचं. वाचवायचं अर्थात स्वतःच्या ताटातून. लढाईमुळे तांदळाला भाव आला आहे, तेव्हा माप आधीच आखडलेलं. पण लाखोळीची डाळ आमच्याकडे बैलांना घालून उरते, तिला कोणी विचारत नाही. तर मी माझा सगळा आठवडाच लाखोळीचा बांधला. सोमवारी घट्ट वरण नि अंबाडी, मंगळवारी तिच्याच पिठाची भाकर, बुधवारी वडे (तेल नुसतं कढईला दाखवायचं), मग घुगऱ्या, मग पातोड्या, शेतात कोवळे शेंडे आले की त्यांची भाजी, आणि रविवारी उरलंसुरलं ताकात शिजवून कढी. घरच्यांना भात, मला लाखोळी. रोज नवी चव, त्यामुळे कंटाळा म्हणून येत नाही. वैशाखापर्यंत मंदासाठी पोतंभर तांदूळ माझे स्वतःचे होतील.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया ठेवतेसच, ती पत्रातूनही पाठवत जा.

तुझी,
शामकला

---

॥ श्री ॥

दवनीवाडा,
ता. १४ डिसेंबर १९४२

चि. शामकलास,

देवकाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझे भाऊजी म्हणाले की ही पोरगी सरकारात असती तर लढाईचा खर्च निम्म्यावर आला असता. मंदानं तुझा बुधवार लगेच करून पाहिला. वडे दगड झाले, पण पोरगी आता सासरी जायची आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी चांगले म्हटले.

इकडे धान बरं पिकलं आहे. मंदाचं सासर डोंगरगडचं, म्हणजे ती तुझ्याच दारावरून आगगाडीनं जाणार बघ. तिनं मला बजावलं आहे की हळद मावशीनंच लावायची, दुसऱ्या कोणाचा हात चालणार नाही. तेव्हा तुझ्या सासूबाईंना काय हवं ते कर आणि ये.

एक मात्र सांगते. तांदूळ आण अथवा नको आणू, आमच्याकडे काही पंगत उपाशी उठणार नाही. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन आहेर करायची हौस कुठून आली तुला? मधूनमधून दोन घास भात खात जा. मोठी आहे म्हणून बोलते, राग धरू नकोस.

जवाईबापूंना आशीर्वाद. तुझी वाट पाहणारी,
देवका

---

॥ श्री ॥

दरेकसा,
ता. २ फेब्रुवारी १९४३

ती. ताईस,

शामकलाचा सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. थंडी फार आहे. जंगलाच्या कडेचं घर, सूर्य डोंगरामागून वर येईतो अर्धी सकाळ सरते.

माझं पोतं अर्ध्याच्या वर भरलं आहे! संध्याकाळी त्यात हात घालून बसते, तेवढंच सुख. तसं सुखांना तोटा नाही म्हणा. यांनी परवा मूठभर चारोळी आणली, ती मी एकेक दाणा करून तीन दिवस खाल्ली. दुपारी ओट्यावर घुगऱ्या घेऊन बसते आणि समोरून जाणाऱ्या पॅसेंजरच्या खिडक्या पाहते. एक बाई रोज मला हात करते असं मी धरून चालते, रोजची बाई वेगळी असते एवढंच. गोंदियाकडे, म्हणजे तुझ्याकडे, जाणारी गाडी सुटली की मात्र जीव घुसमटतो. दार उघडं आहे, रस्ता समोर आहे, आणि मला कुठेही जाता येत नाही.

तू लिहिलंस तसा भात खायचं मनात येतं, पण हात पोत्याकडेच वळतो. आता थोडेच दिवस राहिले.

हसशील म्हणून सांगते, माझी चाल बिघडली आहे. सकाळी उठले की पोटऱ्या लाकडासारख्या होतात आणि टाचा भुईला टेकत नाहीत. चवड्यांवर चालते, तमाशातल्या नाच्यासारखी. परवा विहिरीवरून येताना गुडघे एकमेकांवर आपटले आणि घागर फुटली. सासूबाईंनी माझ्याआधी घागरीची चौकशी केली. थंडीचं आहे म्हणाल्या. मोहाचं तेल चोळते आहे.

मंदाला म्हणावं, मावशी येते आहे. माझी आठवण काढत राहा.

तुझी,
शामकला

---

॥ श्री ॥

दवनीवाडा,
ता. ८ फेब्रुवारी १९४३

चि. शामकलास,

आशीर्वाद. हे पत्र हातात पडेल त्या क्षणापासून लाखोळीचा दाणा तोंडात घालू नकोस. तुला माझी शपथ आहे.

वेशीपाशी बसणारा कवडू तुला आठवतो? दोन काठ्यांवर, पायांची कात्री करून चालतो तो. तू लहानपणी त्याच्या चालीची नक्कल करायचीस. दुष्काळाच्या वर्षी त्याच्या घरी दुसरं काही नव्हतं, सगळा हिवाळा नुसत्या लाखोळीवर काढला होता. तुझं पत्र वाचून मी तशीच त्याच्याकडे गेले. त्याला विचारलं, आधी काय झालं. तो म्हणाला की आधी पोटऱ्या ताठल्या, मग टाचा उचलल्या, मग गुडघे आपटू लागले. तुझं पत्रच वाचून दाखवतो आहे असं वाटलं मला.

शामे, भातासोबत वाटीभर वरण आपण सगळेच खातो, त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण तू तर तिच्यावरच जगते आहेस! सात दिवस सात नावं ठेवलीस म्हणून ती सात अन्नं होत नाहीत गं. मीही मेली ते कौतुकानं वाचत बसले. तुझे भाऊजी उद्याच्या गाडीनं निघताहेत. त्यांच्याबरोबर ये. आहेर खड्ड्यात गेला.

घाबरलेली,
देवका

---

॥ श्री ॥

दरेकसा,
ता. १ मार्च १९४३

ती. ताईस,

सा. न. वि. वि. भाऊजींनी तुला सगळं सांगितलं असेलच, पण माझ्या हातानंही लिहिते. ते आले तेव्हा सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आणि मला मात्र त्यांच्याबरोबर दिलं नाही. म्हणाल्या की आमच्याकडे सारेच लाखोळी खाऊन राहिले, मग हिलेच काऊन झालं? सून माहेरी जायची सोंगं करून राहिली. भाऊजींनी हात जोडले. आपल्या घरच्या माणसानं माझ्यासाठी असे हात जोडलेले पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मात्र हे कधी नव्हे ते उठले आणि मला गाडीत घालून गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेले. चार वर्षांनी गाडीत बसले, ताई, आणि खिडकीतून पाहायचं सुचलंच नाही. डॉक्टरनं गुडघ्यावर ठोकून पाहिलं, चालायला लावलं, आणि मी काय काय खाते ते विचारलं. मी सगळा आठवडा सांगितला. त्यानं तो लिहून घेतला. म्हणाला की लाखोळी बंद केलीत तर यापुढे वाढणार नाही. गेलं ते परत यायचं औषध त्याच्याजवळ नाही, कोणाजवळच नाही. परतताना हे स्टेशनबाहेर मला पेरू घेऊन देत होते. मला तो धरता येईना, दोन्ही हात काठीवर होते.

लाखोळी बंद आहे. भात खाते, पण सासूबाई माझ्या ताटाकडे पाहतात आणि मी मान खाली घालते. लग्नाचं पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या की अशी फेंगडत मांडवात जाशील तर पाहुणे आम्हालेच नावं ठेवतील. मग मी विचारणं सोडलं. लग्नाआधी भाऊजी पुन्हा आले की पोतं त्यांच्याबरोबर पाठवेन. मंदाला इतकंच सांग की मावशीला ताप आला. काठीचं सांगू नकोस, तिचे हळदीचे दिवस आहेत.

आपली म्हणत राहा.

शामकला

---

॥ श्री ॥

दवनीवाडा,
ता. २५ मे १९४३

चि. शामकलास,

अनेक आशीर्वाद. लग्न निर्विघ्न पार पडलं. मंदानं हळदीच्या पाटावर बसून तुझी वाट पाहिली. मी तापाचं सांगितलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गाल पुढे केला. शेवटी मी हळद लावली.

तुझे तांदूळ मी पंगतीला शिजू दिले नाहीत. ते माझ्या घशाखाली उतरले नसते. मंदाची ओटी त्यांनीच भरली आणि राहिलेलं पोतं तिच्याबरोबर सासरी दिलं. तिला एवढंच म्हटलं की हे मावशीनं तुझ्यासाठी राखले.

आता जे लिहायला बसले ते. परवा तुझ्या सासूबाईंचा निरोप आला की शामकलाला घेऊन जा, कायमची. तिच्यानं ना पाणी भरवतं ना रोवणी होते, आणि आम्ही पोराचं, चुन्नीलालचं, दुसरं लग्न पाहून राहिलो. निरोप्यासमोर मी रडले नाही, आत जाऊन रडले. तुझे भाऊजी म्हणतात की बैलगाडी घेऊन स्टेशनवर उभा राहीन, तू जाऊन एक शब्द न बोलता आण तिला. मंदाची खोली रिकामी आहे. सकाळी ऊन तिथेच येतं. तुला इथे कोणी ताट मोजून देणार नाही. ये, शामे. आता तर अडवायला कोणी नाही.

तुझीच,
देवका

---

॥ श्री ॥

दरेकसा,
ता. २ जून १९४३

ती. ताईस,

शामकलाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. मंदाच्या ओटीत तांदूळ घातलेस, फार बरं केलंस. ज्या दिवशी तिची गाडी इथून गेली त्या दिवशी मी ओट्यावर बसले होते. कोणता डबा ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्या डब्यांना हात केला.

ताई, मी येत नाही. चार वर्षं ज्या दारातून मला जाऊ दिलं नाही, त्याच दारातून मला बाहेर काढायला आता सगळे तयार आहेत. मला माहेरी यायचं होतं ते चार दिवस राहून परत यायला. आता आले तर ते माहेरपण नव्हे, टाकून दिलेली बाई म्हणून येणं आहे. तुझी माया मला कळते, पण तुझ्या मायेनं सासूबाईंचं काम सोपं होईल, आणि ते मी होऊ देणार नाही. पाय याच घरात गेले. याच घरानं मला पोसावं.

हे मी दोघांसमोर बोलले. यांना विचारलं की दुसरी आणाल, तिलाही तिच्या ताटातूनच वाचवायला लावाल का? हे म्हणाले की दुसरी नको. खरं बोलले की भिऊन बोलले, मला समजलं नाही. उद्या आईनं जोर केला तर टिकतील की नाही तेही ठाऊक नाही. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. विहीर दूर, स्टेशन दूर, ओट्याच्या दोन पायऱ्यासुद्धा आता मला दूर आहेत. सुटले असं मी म्हणत नाही.

पण परवा बाजाराच्या दिवशी तांदूळ आले तेव्हा मी बसल्या बसल्या भात रांधला आणि सगळ्यांच्या आधी माझ्या ताटात वाढला. वरून मीठ नि तेलाची धार. सासूबाई पाहत राहिल्या, मी मान खाली घातली नाही. भात गरम होता, ताई. इतका चांगला लागतो हे मी विसरलेच होते.

आजवर मी यायची परवानगी मागत होते. आता मी तुला बोलावते. रोवणीच्या आत ये, जेवायलाच ये. मला उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो, तेव्हा बाहेरून हाक मारत उभी राहू नकोस. सरळ आत चुलीपाशी ये.

तुझी,
शामकला