दिव्यावरची टिकली

मोहाडी, मंगळवार, संध्याकाळ

आपल्या जुन्या गाडीतला, इंजिनाची खराबी दाखवणारा पिवळा दिवा विझतच नाही. मिस्त्री म्हणे, धूर साफ करणारं कन्व्हर्टर गेलं. उद्या शहापूरचं गिऱ्हाईक गाडी पाहायले येऊन राहिलं, तर आमच्या यांनी काय करावं? माझ्या पाकिटातली टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली! माझी टिकली!

"काहून लपवता?" मी विचारलं.

"दिवा दिसला तर गाडी कोण घेईन?"

"मंग नका विकू. मीच चालवीन."

मले राग कायचा आला? लबाडीचा, की टिकलीचा? दोन्हीचा. नखानं उचकटली अन् गाडीच्याच आरशात पाहून कपाळावर लावली. उद्या गिऱ्हाईकासमोर किल्ली मीच फिरवीन. पेटू दे दिवा. पाहू दे त्याले.