परदेशी तंगड्या

शनिवार, ३ नोव्हेंबर
आजपासून या घरात परदेशी कोंबडीची तंगडी शिजणार नाही. देवासमोर सांगितलं, म्हणजे ठरलं. तिकडचं सरकार शेतकऱ्यांना पैसे देतं, आमचं भाषणं देतं. छातीचं मांस ते लोक खातात, तंगड्या बर्फात घालून इकडे घानात, आमच्या कुमासीला पाठवतात. त्या माझ्या कोंबड्यांना लागणाऱ्या मक्याच्या खर्चाहून स्वस्त. गल्लीतली तीन खुराडी बंद पडली. माझं चौथं. नाताळपर्यंत साठ कोंबड्या खपल्या नाहीत तर तेही जाईल. पण खपतील. चर्चच्या महिला मंडळात माझा शब्द खाली पडत नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळ
मंडळात बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्रेमाचं गोठवलेल्या कोंबडीचं दुकान आहे. ती म्हणाली, कोनाडू आंटी, तुमची कोंबडी छानच हो, पण ती अजून चालते. पिसं कोण काढणार? सगळ्या हसल्या. मी विचारलं, तुझ्या दुकानाचं रक्ताळलेलं पाणी नि प्लॅस्टिक आमच्या गटारात का? म्हणाली, गटार सरकारचं आहे. खुराड्यांचं खत गेलं तशी मळ्यातली वांगी खुरटली, हे कोणाला दिसत नाही.
दहा कोंबड्यांची ऑर्डर मात्र नक्की. तोंडीच आहे, पण देवभीरू बायका आहेत.

गुरुवार, १५ नोव्हेंबर
दहातल्या दोनच कोंबड्यांच्या ऑर्डरी उरल्या. एक माझ्या नणंदेची.

रविवार, १८ नोव्हेंबर
सुगीची उपासना. मग देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव. माझा कोंबडा पाहून सगळ्यांचे डोळे उघडणार होते. चर्चचे एल्डर टवुम बोली पुकारत राहिले. कोंबडा आरवला, बोली कोणी लावली नाही. शेवटी नवऱ्यानेच घेतला. मग फ्रेमाने वाहिलेलं खोकं आलं. दहा किलो तंगड्या. बोली अशी चढली, जणू आत आकाशातून पडलेला मान्ना होता. माझं डोकं फिरलं. हे कुणाच्या शेतात पिकलं, असं विचारायला उठून हात वर केला. टवुम म्हणाले, कोनाडूबाईंना गेलं. टाळ्या. देवापुढची बोली मागे घेता येत नाही. नवरा म्हणाला, तोंडाने बोलायचं होतं ना, मग हात कशाला?

सोमवार, १९ नोव्हेंबर
बर्फ वितळतोय. अन्न टाकणं पाप. 'जिवंत कोंबड्या मिळतील' या पाटीखाली तंगड्यांचं पातेलं विकायला मांडलं. आल्या त्या मंडळातल्याच. बाराच्या आत पातेलं रिकामं. खुराड्याकडे एकीनेही पाहिलं नाही. शेवटची म्हणाली, आंटी, परत कधी?
पातेलं आपटलं. सांगितलं, शनिवारी.